पाठीमागचा मळा

तत्त्वज्ञान हा विषय मी घेतला, कारण त्याचा तास दुपारी असायचा. दुसरं काही कारण नव्हतं. आमचा मळा शहराबाहेर, मखमलाबादच्या बाजूला. थोडा गुलाब, बाकी झेंडू. अण्णा, म्हणजे माझे वडील, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन फुलबाजारात जायचे. मागे राहिलेली फुलं निवडून, जुड्या बांधून, स्वयंपाक उरकून आई आणि मी मोकळ्या होईपर्यंत दहा-अकरा वाजायचे. अर्थशास्त्राचा तास सकाळी, मराठीचाही सकाळी. तत्त्वज्ञानाचा साडेबाराला. अर्ज घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे वर बघून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्या विषयात काय शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांना वाटलं, देवाधर्माचं काहीतरी असणार. आमच्या भावकीतली कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे विषय कोणता याची चौकशी कुणी केली नाही. मुलगी बसने जाते आणि बसने येते, एवढं पुरेसं होतं.

वर्गात आम्ही आठ-दहा जण. शिकवायला पन्नाशीच्या एक मॅडम होत्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि कॉलेजात यायला एक जुनी मोपेड, जी सुरू झाली की सगळ्या आवाराला कळायचं की मॅडम निघाल्या. त्या वह्या भरून घ्यायच्या नाहीत. बोलायच्या, थांबायच्या, आणि आपण काहीतरी म्हणावं म्हणून आपल्याकडे बघत राहायच्या. माझ्याकडे असं कधी कुणी बघितलं नव्हतं. मी मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर कधी आले ते माझं मलाच कळलं नाही.

नवरात्राच्या आदल्या दिवशीचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. मॅडमनी डस्टर उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे काय आहे?"

"डस्टर," आम्ही सगळे.

"याचा रंग कुणाला कळतो? डोळ्यांना. खरखर? बोटांना. आपटल्याचा आवाज? कानांना. आता रंग काढून टाका, खरखर काढून टाका, आवाज, वास, वजन, सगळं काढा. डस्टर किती उरलं?"

मग त्यांनी सांगितलं की फार पूर्वी परदेशात एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की वस्तू असणं म्हणजे ती कुणाला तरी जाणवणं. कुणालाच जाणवत नाही अशी वस्तू आहे, असं म्हणण्याला काही अर्थच नाही. "आता आपण या वर्गाला कुलूप लावून गेलो," त्या म्हणाल्या, "तर आत टेबल आहे याला पुरावा काय?"

एक मुलगा म्हणाला, "शिपायाला बघायला पाठवू, मॅडम."

सगळे हसले, मॅडमही हसल्या. "शिपायाने डोकावलं, म्हणजे बघणारा आलाच की!" तेवढ्यात घंटा झाली. "पुढचं पुढच्या तासाला," म्हणून त्या गेल्या.

तो पुढचा तास माझ्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या दिवशी घट बसले, आणि झेंडूवाल्यांच्या घरात घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत शाळा-कॉलेज नसतं. वर्षाची कमाई त्या दिवसांत असते. आम्ही तिघं दिवसभर वाकून फुलं तोडायचो. संध्याकाळी कंबर सरळ व्हायची नाही आणि बोटांना तो झेंडूचा कडवट वास असायचा, जो साबणाने जात नाही.

तोडता तोडता मी आईला विचारलं, "आई, आपण कुणीच मळ्यात नसलो तर ही फुलं असतात का?"

"नसती तर सकाळी तोडतो काय, ढेकळं?" आई म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

मीही हसले. पण त्याच दुपारी, टोपली भरून बांधाकडे चालत असताना, माझ्या पाठीमागे काही नाही असं मला वाटलं. 'वाटलं' हा शब्द फार मवाळ आहे. समोर बांध होता, बाभूळ होती, पाण्याचा पाट होता. आणि मागे, जिथे मी बघत नव्हते तिथे, नुसतं काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नाही. मी झटकन वळले. मळा होता. आई होती. मग पुन्हा बांधाकडे तोंड केलं, आणि पुन्हा तेच.

त्या दिवसापासून मी वळायला लागले. चालताना, जेवताना, भांडी घासताना. खोलीतून बाहेर पडले की परत आत डोकावायचं. भिंतीला हात लावून बसायचं. आई स्वयंपाकघरात गेली की मी तिच्या मागे जायची, कारण ती दाराआड गेली म्हणजे ती आहे कशावरून? हे सगळं खुळ्यासारखं आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता. दसरा झाला, कॉलेज सुरूच होतं, पण बसमध्ये बसायची मला हिंमत होईना. मागच्या सीटवर बसलेली माणसं बघायला मी सारखी वळायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. मी दोनदा अर्ध्या वाटेवरून उतरून घरी आले. मग जाणंच सोडलं. जेवण कमी झालं. दिवाळीपर्यंत माझ्या गालाची हाडं दिसायला लागली.

आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. "लय वास आला," ती समाधानाने म्हणाली, "नजर लागलीच होती." मला तेव्हाही एक विचित्र हसू आलं. कुणाची नजर लागल्याची मला भीती नव्हती. कुणाची नजर नसेल तर काय, याची होती. पण हे आईला कसं सांगणार? शेवटी एका संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. डस्टरपासून. आईने ऐकलं, अण्णांनी ऐकलं, आणि दुर्दैवाने त्याच वेळी घरी आलेल्या काकांनीही ऐकलं.

"पुस्तकानं डोकं फिरलं पोरीचं," काका म्हणाले. "निफाडकडं एक स्थळ हाय. द्राक्षबाग हाय, चांगली माणसं हायेत. हे बाहेर फुटायच्या आत उरकून टाका."

अण्णा काही बोलले नाहीत. अण्णा तसेही बोलायचे नाहीत. बाजारातून आले की आज भाव काय मिळाला एवढं सांगायचे, आणि मग मळ्याला पाणी सोडायला, दारं धरायला निघून जायचे. त्यांच्या मनात काय चाललंय हे आम्हाला त्यांच्या पाठीवरून ओळखावं लागे.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि कॉलेजात आले. नाव काढायला. ऑफिसात जायच्या आधी ते म्हणाले, "तुझ्या त्या मॅडम कुठं बसत्यात?"

स्टाफरूममध्ये मॅडम एकट्याच डबा खात होत्या. अण्णा दारातच उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, पोरीचं नाव कमी करायला आलोय. पण आधी मला एक सांगा. तुम्ही वर्गात असं काय शिकवलं? पोरगी म्हणते, आपण बघितलं नाय तर वस्तू नसत्यात."

मॅडमनी डबा बंद केला. आम्हाला दोघांना बसायला लावलं. "कधीपासून होतंय हे?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मध्ये एकदाही "अगं असं काय" म्हणाल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "त्या तासानंतर तू आलीच नाहीस."

"झेंडू होता, मॅडम."

त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तू अर्धाच विचार ऐकलास! अगं, वस्तू नाहीशा होतात असं तो म्हणालाच नाही. उलट म्हणाला, की आपण नसलो तरी झाडं असतात, टेबल असतं, कारण आपल्याशिवायही बघणारा एकजण आहे. तो झोपत नाही, डोळा मिटत नाही. देव. त्याच्या नजरेत सगळं असतं, म्हणून सगळं टिकतं. हे मी घटस्थापनेनंतरच्या तासाला शिकवलं."

"मग हे आधीच सांगायचं ना!" अण्णा एकदम म्हणाले.

"तास संपला हो," मॅडम म्हणाल्या. त्या इतक्या मनापासून ओशाळल्या होत्या की अण्णांचा राग तिथेच विरघळला.

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की आई म्हणायची, "देव बघतोय हं." तोच देव इथे सगळं जग धरून बसला होता. विचार छान होता, पण तो ऐकताना मी दोनदा मागच्या कपाटाकडे वळून बघितलं. मॅडमनी ते पाहिलं.

"हा आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न राहिलेला नाही," त्या हळूच अण्णांना म्हणाल्या. "त्या विचाराने फक्त निमित्त दिलं. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो ना, तसंच जायचं. माझ्या ओळखीचे एक मनाचे डॉक्टर आहेत."

अण्णांचा चेहरा पडला. "मॅडम, माझी पोरगी येडी नाय."

"नाहीच. म्हणूनच जाऊ. मी येते बरोबर."

त्या काळात, आमच्यासारख्या घरात, त्या पायऱ्या चढणं म्हणजे काय होतं हे आज कुणाला सांगून पटणार नाही. शरणपूर रोडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दवाखाना होता. खाली पाटी, पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मनोविकारतज्ज्ञ'. अण्णा रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. फुलबाजारातली निम्मी माणसं त्यांना ओळखायची. मॅडमनी मोपेड लावली, अण्णांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "असं करू. तुम्ही वर माझ्या शेजारी बसा. कुणी ओळखीचं भेटलं तर सांगा, कॉलेजच्या मॅडमना दाखवायला आणलंय."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको मॅडम. चला." आणि सगळ्यांत आधी तेच वर चढले.

डॉक्टर माझ्या अपेक्षेपेक्षा तरुण होते. त्यांनी मला जग खरं आहे की खोटं हे पटवायचा प्रयत्न केला नाही. ते म्हणाले, मनाला पुराव्याची खोड लागते. एक पुरावा दिला की ते दुसरा मागतं. "तू वळून बघतेस तेव्हा भीतीला खाऊ मिळतो. गोळ्या देतो, पण तू वळायचं नाहीस. भीती येईल. येऊ दे. वळायचं नाही."

सांगणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांबरोबर गुलाबाच्या सरीत होते. ते माझ्याकडे तोंड करून फांद्या छाटत होते. माझ्या पाठीमागून ते 'काहीच नाही' सरकत जवळ यायला लागलं. मान आखडली, हातातली कात्री थांबली. मी वळणार तेवढ्यात अण्णा म्हणाले,

"थांब. तू नको बघू. मी बघतो."

मी थांबले.

अण्णांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. त्यांना असं काही बोलायची सवय नव्हती. शब्द जुळवत, अडखळत म्हणाले, "गुलाब हाय. चार सऱ्या. तिकडच्या सरीत पाणी साचलंय. तुझी आई विहिरीवर हाय. दोरी सोडतीय." थोडं थांबून, काही राहिलं का हे बघून, "कुत्रं झोपलंय," असं त्यांनी शेवटी जोडलं.

मी वळले नाही. रडू मात्र खूप आलं. अण्णा घाबरले, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं.

पुढच्या वेळी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "चालेल. पण एका वेळी एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर वडिलांनी उत्तर द्यायचं नाही. आणि हळूहळू कमी करायचं." अण्णांनी हे पथ्य औषधापेक्षा कडक पाळलं. मी काकुळतीला येऊन पुन्हा विचारलं तर ते फांदीकडे बघत म्हणायचे, "डॉक्टरनी नाय सांगितलंय." त्यांना ते किती जड जात होतं हे मला दिसायचं.

पण पहिल्यांदा विचारलं की सांगायचे, आणि थंडी सरत गेली तसं त्यांचं सांगणं वाढत गेलं. आधी नुसती नावं होती. झाड, विहीर, बैल. मग म्हणायला लागले, पेरूवर बुलबुलाची जोडी आलीय, काड्या आणतीय. रामशेजचा डोंगर आज धुक्यात अर्धाच हाय. शेजारच्यांनी कोबी काढला, बाहेरची पानं तशीच टाकली. एकदा सांगितलं, "तुझी आई येतीय. नव्या बांगड्या घातल्यात, हिरव्या."

आई तोवर जवळ आली होती. तिने ते ऐकलं आणि डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी राहिली. "माझ्या बांगड्या ह्यांना दिसत्यात," ती मला म्हणाली, "हे मला आज कळतंय."

अण्णा लाजून दुसऱ्या सरीत गेले.

ह्या माणसाला इतकं दिसतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. मला त्या आजाराने काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. माझे वडील दिले. आजार नसता तर मी त्या मळ्यातून लग्न होऊन गेले असते आणि भाव किती मिळाला याच्यापलीकडे त्यांच्याशी माझं बोलणं झालं नसतं.

मॅडम दर आठवड्याला एक संध्याकाळ घरी यायच्या. चुकलेलं शिकवायच्या. आई त्यांना परत जाताना गुलाबाची जुडी द्यायची आणि त्या ती मोपेडच्या हँडलला बांधून न्यायच्या. त्या तत्त्वज्ञाचा धडा त्यांनी माझ्यासाठी गाळला नाही. "गाळला तर तो तुझ्या मागे लागेल," त्या म्हणाल्या. "नीट वाच, त्याच्यावर काय काय टीका झाली तीही वाच, आणि मग पटलं नाही तर नाही पटलं. पटलंच पाहिजे अशी अट नाही." मी वाचलं. होळीच्या सुमाराला, एका सकाळी, तोडणी संपवून आम्ही घराकडे निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, "आज काय विचारलं नाय?"

"विसरले," मी म्हटलं.

अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि आईला सांगायला माझ्या पुढे झपाझप चालत गेले.

परीक्षा दिली, पास झाले. निफाडचं स्थळ तोवर दुसरीकडे जमलं होतं. काकांनी पुन्हा विषय काढला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "शिकतीय ती." पुढे मी एमए केलं आणि एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागले. तोवर नवं शतक उजाडलं होतं. आमच्या बाजूला प्लॉट पडायला लागले होते, झेंडू कमी करून अण्णांनी भाजीपाला धरला होता, मॅडम निवृत्त झाल्या होत्या. गोळ्या हळूहळू कमी करत डॉक्टरांनी कधीच थांबवल्या होत्या.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी मॅडमकडे गेले. "हे सांगायचं की नाही?" मी विचारलं.

"ते तू ठरव," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं लक्षात घे, एकदा सांगायला एकदाच धीर लागतो. लपवलंस तर रोज लागेल."

लासलगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा मुलगा आणि त्याची आई मला बघायला आले. अण्णांनी मॅडमनाही बोलावून घेतलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या त्या भिंतीला टेकून बसल्या. पोहे झाले, चहा झाला, आणि आम्हा दोघांना बोलायला अंगणात पाठवलं. मी वेळ न घालवता सांगून टाकलं. कॉलेजात असताना मला असं असं झालं होतं, मनाच्या डॉक्टरांकडे जात होते, गोळ्या होत्या, आता बंद आहेत. पुन्हा होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का?"

"आवाजाचा?"

"आमचं घर मार्केट यार्डाच्या रस्त्यावर आहे. हंगामात कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून लागतात. बाहेरच्या माणसाला झोप येत नाही. म्हणून विचारलं."

"नाही, आवाजाचा नाही होत," मी म्हटलं, आणि हसू आवरलं नाही.

"आईला सांगू का मी हे? तिच्यापासून मी काही ठेवत नाही."

"मीच सांगते."

आत जाऊन सगळ्यांसमोर मी पुन्हा सांगितलं. काका तिथे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या आईचा हात पदराशी गेला. मुलाच्या आईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"डॉक्टरकडं कोण घेऊन गेलं?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "ह्या मॅडम. आणि मी."

"माझ्या धाकट्या बहिणीला असंच काहीतरी झालं होतं," त्या म्हणाल्या. "देवऋषी झाले, अंगारे झाले. डॉक्टरकडं नेलं नाय कुणी. लोक काय म्हणतील म्हणून." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नेलंत. लय चांगलं केलंत, भाऊ."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. आई उठली, आणि कुणी मागितला नव्हता तरी सगळ्यांसाठी पुन्हा चहा ठेवायला आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. स्टोव्ह पेटवून तिने साखरेचा डबा पुढे ओढला. "साखर जास्त टाक," मी म्हटलं.

"टाकते," ती म्हणाली. "आज टाकते."